पितळ-तांब्याच्या भांड्यांचे फोटो: पांढरे चट्टे, काळे पट्टे आणि भांड्यात दिसणारी अख्खी खोली

समई, गडू, परात, ताम्हन, स्टीलचा डबा. चकचकीत धातूचं काहीही टेबलावर मांडून फोटो काढायला घेतलं की तोच दोष पुन्हा पुन्हा येतो. डोळ्यांना भांडं सुरेख दिसतं. फोटोत मात्र मधोमध पांढरा चट्टा, बाजूला काळा पट्टा, आणि पोटावर पंखा, खिडकीचे गज, फोटो काढणारा माणूस. कॅमेरा बदलून किंवा दिवा कमी-जास्त करून हा दोष जात नाही. घासलेलं भांडं आरशासारखं वागतं, आणि आरशासमोर जे असेल ते फोटोत येणारच. म्हणून खालची जवळजवळ सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: लेन्सच्या जागेवरून पाहिलं तर भांड्यात काय दिसतंय?

फुकटच्या आणि सोप्या तपासण्या आधी दिल्या आहेत, खर्चाच्या आणि किचकट नंतर. क्रम मोडू नका. या दोषासाठी सर्वात आधी विकत घेतली जाणारी वस्तू म्हणजे पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चमक कापणारा फिल्टर), आणि धातूवर सर्वात कमी उपयोगी पडणारी वस्तूही तीच.

लक्षणं

- भांड्यावर कडक कडांचा पांढरा चट्टा. त्यात धातूचा रंग नाही, नक्षी नाही. बाकीचं भांडं मात्र गरजेपेक्षा काळोखं.
- पोटावर ओळखू येणाऱ्या वस्तू: ट्यूबलाइट, गज, पडदा, ट्रायपॉडचे पाय, मोबाइल धरलेला हात.
- रुंद काळा किंवा तपकिरी पट्टा. नवं पितळ जुन्या लोखंडासारखं दिसतं.
- पितळ हिरवट, तांबं जांभळट, स्टीलवर निळे-पिवळे डाग.
- भांड्याची कड मागच्या कापडात विरघळून गेलेली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्टील हमखास असं हरवतं.
- मठारकाम केलेल्या, म्हणजे ठोक्यांच्या खळग्यांच्या तांब्यावर शेकडो पांढरे ठिपके.
- सगळ्याच फोटोवर धुरकट पडदा, किंवा उजळ जागेतून निघणाऱ्या रेषा.
- सगळ्या फोटोभर फिकट-गडद आडवे पट्टे.

शेवटची दोन लक्षणं भांड्याची नाहीत. ती वेगळी काढायची असतील तर भांडं उचला, त्याच जागी मातीची कोरी पणती ठेवा, आणि बाकी काहीही न हलवता एक फोटो काढा. पणती आरशासारखी वागत नाही. तिच्याही फोटोत धूर किंवा पट्टे आले तर दोष लेन्समध्ये किंवा दिव्यात आहे. पणती स्वच्छ आली आणि भांडं बिघडलं, तर तो प्रतिबिंबाचा दोष. या एका मिनिटाच्या चाचणीने पुढचे दोन तास वाचतात.

दोष नेमका कुठून येतो

माती, कापड, लाकूड यांवर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून त्या वस्तू कुठूनही पाहिल्या तरी साधारण सारख्याच दिसतात. घासलेला धातू उजेड विखुरत नाही. ज्या कोनात उजेड येतो त्याच कोनात समोरच्या बाजूला तो परततो.

भांड्याचा आकार इथे फार महत्त्वाचा. परात किंवा ताट सपाट असतं, त्याला खोलीचा एकच तुकडा दिसतो. डबा किंवा पेला उभा गोल. त्याला डावीकडून उजवीकडे पसरलेली खोलीची एक पट्टी दिसते. गडू, तांब्या, समईची गोलाई यांना मात्र जवळजवळ सगळंच दिसतं: छत, दोन्ही भिंती, जमीन, आणि कॅमेरा तर नेहमीच. म्हणून परातीचा दोष कोन बदलून जातो आणि गडवाचा जात नाही. एकाच्या उपायाने दुसरं सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक गोष्ट, जिथे बहुतेकांची वाट चुकते. चट्टा कडक आला की दिवा लांब नेला जातो. दिवा दुप्पट लांब गेला की खालच्या कापडावरचा उजेड चौथाई होतो, पण भांड्यातलं दिव्याचं प्रतिबिंब तितकंच झगझगीत राहतं. फक्त आकाराने लहान होतं. मग कापड काळोखं झालं म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) वाढवलं जातं आणि चट्टा आधीपेक्षा जास्त जळतो, म्हणजे निव्वळ पांढरा होतो. चट्टा मवाळ करायचा तर उजेडाचा स्रोत मोठा आणि जवळ हवा.

तपासणी १: लेन्स पुसा

मोबाइलच्या लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असला की धातूच्या प्रत्येक चमकदार ठिपक्यातून रेषा फुटतात आणि काळे भाग राखाडी होतात. चष्म्याच्या कापडाने, कोरडी फुंकर मारून, हलक्या हाताने पुसा. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर काढून ठेवा. चमकदार वस्तूसमोर ती जास्तीची काच स्वतःची प्रतिबिंबं तयार करते.

तपासणी २: एक सोडून सगळे दिवे बंद

भांड्यावरचे चट्टे मोजा. जितके चट्टे, तितके उजेडाचे स्रोत. ट्यूबलाइट, देवघरातला लाल दिवा, टीव्ही, बाजूच्या खोलीतून येणारा उजेड, राउटरचा हिरवा ठिपका, सगळं बंद करा किंवा झाका. खिडकीच्या उजेडावर काम करायचं ठरलं तर ती एकच खिडकी उघडी ठेवा आणि दिवा एकही नको.

यामागचं दुसरं कारण रंगाचं. खिडकीचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर), घरातला पिवळसर एलईडी २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र आले की गडवाची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी होते, आणि मग कोणताही व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्यात होणारी रंगदुरुस्ती) दोन्ही बाजू एकदम सुधारू शकत नाही.

पंखाही बंद करा. तो भांड्यात दिसतो, शिवाय पुढे लावायचा कागद हलवतो.

फोटोभर आडवे पट्टे येत असतील तर तेही इथेच सोडवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात फ्लिकरची सेटिंग असेल तर ती ५० हर्ट्झवर ठेवा.

तपासणी ३: भांडं खरंच स्वच्छ आहे का

डोळ्यांना न दिसणारी मळी फोटोत दिसते, आणि चट्ट्याच्या कडेला तर ठळक दिसते. पितळ-तांब्याला चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी यांपैकी नेहमीचं जे असेल ते चालतं, पण फोटोसाठी घासताना काही गोष्टी जास्तीच्या कराव्या लागतात.

आंबट पदार्थ पितळेवर फार वेळ ठेवू नका. पृष्ठभागावर गुलाबी-तांबूस छटा येते आणि ती फोटोत व्हाइट बॅलन्स चुकल्यासारखी वाटते. मग रंग दुरुस्त करत बसावं लागतं, आणि तो दुरुस्त होत नाही कारण डाग खरा असतो. नक्षीच्या खाचांत पावडर अडकते. जुन्या मऊ टूथब्रशने ती काढा. धुतलं की लगेच पुसा. हवेवर वाळू दिलं तर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके उरतात. शेवटचं पाणी आरओचं घेतलं तर हा त्रासच संपतो.

पुसायला जुनं मऊ सुती कापड घ्या. काथ्या आणि तारेची घासणी नको. त्यांचे बारीक ओरखडे एका दिव्याखाली चमकत्या वर्तुळांसारखे उठतात, आणि ते नंतर संगणकावर काढणं फार कष्टाचं काम आहे. आतून कल्हई असेल तर आतल्या बाजूला आंबट लावू नका, कल्हईचा थर पातळ असतो.

पुसल्यावर उघड्या हाताने भांडं धरू नका. ताज्या घासलेल्या तांब्यावर बोटांचे ठसे काही तासांत काळपट उमटतात. सुती हातमोजे घाला किंवा कापडाने धरा. फोटो त्याच दिवशी काढा. पावसाळ्याच्या दमट हवेत तांबं लवकर मंदावतं.

भांडं जुनं, वारशाचं असेल तर ही तिसरी तपासणी सोडून द्या आणि आधी शेवटचा भाग वाचा.

तपासणी ४: भांड्याला काय दिसतंय ते शोधा

कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करा. ट्रायपॉड नसेल तर मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवा, पण जागा हलता कामा नये. आता पडद्याकडे बघत एक पांढरा कागद हातात धरून भांड्याभोवती हळूहळू फिरवा: डावीकडे, वर, मागे, कॅमेऱ्याच्या बाजूला. कागद ज्या क्षणी भांड्यात पांढरा उमटतो ती जागा लक्षात ठेवा. पडद्यावर जिथे काळा पट्टा आहे तो कागदाने कुठे भरतो तेही पाहा. काळा पट्टा म्हणजे त्या दिशेला असलेली अंधारी खोली, दुसरं काही नाही.

परातीसारख्या सपाट वस्तूसाठी उलटी चाचणी जास्त सोपी. खोलीत अंधार करा आणि लेन्सच्या अगदी जवळ मोबाइलचा टॉर्च धरून परातीवर मारा. भिंतीवर किंवा छतावर कवडसा पडेल. तो जिथे पडला तोच खोलीचा तुकडा कॅमेऱ्याला परातीत दिसतो. तिथे पांढरा कागद लावला की परात उजळते. काळं कापड लावलं की परात गडद होते आणि तिच्यावरची नक्षी वर येते. आजूबाजूचा पसारा आवरायची गरजही उरत नाही, कारण परातीला तो दिसतच नाही.

परात, ताट, ताम्हनाचा तळ यांचा प्रश्न बहुधा इथेच मिटतो. कॅमेरा १०-१५ अंशांनी वर-खाली केला किंवा परातीच्या मागच्या कडेखाली घडी केलेलं पुठ्ठं सरकवलं की चट्टा निघून जातो.

तपासणी ५: एक्स्पोजर

मोबाइलवर भांड्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड −०.७ ते −१.३ पर्यंत खाली आणा. दोन पट किंवा तीन पटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी केलेला झूम नको. एचडीआर (उजळ आणि काळोखे भाग एकत्र सांभाळणारी सेटिंग) एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून तुलना करा. काही फोन एचडीआरमध्ये चट्ट्याभोवती करडी कडा तयार करतात, धातूवर ती लगेच उठून दिसते.

कॅमेऱ्यावर रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला फोटो), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/८ ते एफ/११. एफ/२.८ वर तांब्याचं तोंड स्पष्ट आणि नक्षी अस्पष्ट येते. एफ/१६ च्या पुढे सगळंच थोडं मऊ पडू लागतं, एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरवर तर आधीच. शटर एक सेकंदापर्यंत गेलं तरी हरकत नाही, पण दोन सेकंदांचा टायमर लावा आणि ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा धक्का सावरणारी सोय) बंद करा.

जळलेल्या भागांचा इशारा (पडद्यावर ते भाग लुकलुकतात) चालू ठेवा. कडेवरचे, टोकांवरचे बारीक ठिपके जळलेले चालतात, त्यांच्यामुळेच धातू ओला-चकचकीत वाटतो. अंगठ्याएवढा भाग लुकलुकत असेल तर तो चालणार नाही. मात्र एक्स्पोजर कमी करून तो भरायचा प्रयत्न एका मर्यादेपर्यंतच करा. दीड स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली जाऊनही चट्टा पांढराच राहिला, तर उजेडाचा स्रोत लहान आहे. पुढे चला.

तपासणी ६: मोठा, मऊ उजेड

सगळ्यात जास्त दोष इथे सुटतात, म्हणून इथे घाई नको.

लागतं काय: ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, लाकडी पट्ट्यांची किंवा जुन्या फोटोफ्रेमची साधारण ६० × ९० सेंटीमीटरची चौकट, चिकटपट्टी. भांडं २० सेंटीमीटर उंच असेल तर हा आकार पुरतो. कागद भांड्यापासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, बाजूला आणि थोडा मागे उभा करा. दिवा कागदाच्या मागे ६० ते १०० सेंटीमीटरवर. एलईडीचा गोळा फार तर ६ सेंटीमीटरचा असतो. तोच उजेड आता शंभरहून जास्त पट मोठ्या क्षेत्रफळावर पसरला, आणि प्रतिबिंबाचा झगझगाट त्याच प्रमाणात उतरला.

दिवा कागदाच्या किती जवळ ठेवायचा हे चवीवर आहे, पण परिणाम ठरलेले आहेत. लांब ठेवला तर सगळा कागद सारखा उजळतो आणि भांड्यावर सपाट पांढरी पट्टी येते. २०-३० सेंटीमीटरवर आणला तर कागदाचा मध्य उजळ आणि कडा मंद होतात, आणि भांड्यावर पांढऱ्यापासून सोनेरीकडे, सोनेरीपासून तपकिरीकडे हळूहळू उतरणारी छटा येते. भांडं गोल आहे हे डोळ्यांना ती छटाच सांगते. गडवासाठी आणि समईच्या दांड्यासाठी दिवा जवळच ठेवा. हॅलोजनचा जुना दिवा असेल तर तो कागदापासून किमान मीटरभर दूर हवा, कागद पेटू शकतो.

कापड वापरायचं तर पांढरं मलमल, पण ते इस्त्री करून चौकटीवर ताणून बसवा. सुरकुत्या आणि विणही भांड्यात दिसतात. नीळ दिलेलं कापड नको. पितळ त्याने हिरवट दिसतं. जुनं पिवळट धोतर उलट तांब्याला गरम छटा देतं, ती हवी असेल तर ठीक.

खिडकी असेल तर थेट ऊन न येणारी घ्या. उत्तरेची खिडकी दिवसाचा बराचसा वेळ त्यासाठी चांगली. गजांची अडचण मात्र सगळीकडे आहे. कागद थेट गजांवर चिकटवू नका, त्यांच्या सावल्या कागदावर आणि तिथून भांड्यात उतरतात. गजांपासून ३० सेंटीमीटर किंवा जास्त आत चौकट उभी करा.

प्रतिबिंबाला चांगला आकार मिळाला तर ते लपवायची गरज नसते. १७ व्या शतकातल्या डच चित्रकारांनी, विलेम हेडासारख्यांनी, काचेच्या पेल्यांवर खिडकीचं प्रतिबिंब मुद्दाम रंगवलं. त्या चौकोनी उजेडामुळेच पेल्याची गोलाई आणि काच दोन्ही कळतात. तुमच्या कागदाची कडा भांड्यावर सरळ, उभी आणि भांड्याच्या कडेला समांतर येईल अशी चौकट फिरवा. तिरकी, अर्धवट कापलेली पांढरी पट्टी चूक वाटते. कडेला समांतर पट्टी मुद्दाम केलेली वाटते.

मठारकामाच्या तांब्याला हा नियम दुप्पट लागू. पुण्याच्या तांबट आळीत घडतात तशा भांड्यांवर हातोडीचा प्रत्येक ठोका एक छोटा आरसा बनवतो. उघडा दिवा प्रत्येक खळग्यात एक पांढरा ठिपका टाकतो. मोठा कागद प्रत्येक खळग्यात एक मवाळ चौकोन टाकतो, आणि ठोक्यांच्या ओळी वाचता येतात. त्यासाठी कागद भांड्याच्या बाजूने, थोडा मागून हवा. समोरून उजेड दिला की खळगे सपाट होतात आणि कारागिराचं सगळं काम नाहीसं होतं.

तपासणी ७: पांढरी आणि काळी कार्डं

उजेड एका बाजूने आला की दुसऱ्या बाजूला काळा पट्टा राहतो. तिथे पांढरा सनबोर्ड किंवा कार्डशीट उभी करा, भांड्यापासून १५-२० सेंटीमीटरवर, फोटोच्या चौकटीबाहेर जेमतेम. वरून दिसणारं छत काळं येत असेल तर एक कार्ड आडवं वरही लागेल. कार्डाचा रंग धातूच्या रंगात मिसळतो: फिकट मोतिया कार्ड पितळेला ऊब देतं, निळसर पांढरं कार्ड तिला शिळं करतं. स्टीलला मात्र शुद्ध पांढरंच हवं. भिंतीचा पोपटी किंवा आकाशी रंग स्टीलवर लगेच उमटतो, तो पांढऱ्या कार्डांनी अडवा.

आता कडा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्टीलचा डबा विरघळतो कारण त्याच्या दोन्ही कडांना पांढरंच दिसतं. काळ्या कार्डपेपरच्या ३ ते ५ सेंटीमीटर रुंद उभ्या पट्ट्या कापा आणि डब्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, फोटोच्या चौकटीबाहेर उभ्या करा. डब्याला दोन सुबक काळ्या रेघा मिळतात आणि तो कापडापासून सुटतो. पट्टी जवळ आणली की रेघ जाड होते, दूर नेली की बारीक. काळ्या पार्श्वभूमीवर हेच उलट, पांढऱ्या पट्ट्यांनी.

तपासणी ८: कॅमेरा आणि माणूस

गोल भांड्यातून कॅमेरा पूर्णपणे घालवता येत नाही. लहान करता येतो. पोटाचा व्यास १२ सेंटीमीटर असलेल्या तांब्यात १५ सेंटीमीटर रुंदीचा कॅमेरा ५० सेंटीमीटरवरून ८-९ मिलिमीटरचा दिसतो. दीड मीटरवर गेलात तर ३ मिलिमीटरचा, आणि तेवढा ठिपका नंतर सहज पुसता येतो. दीड मीटरवरून भांडं चौकटीत भरायला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरवर १०० ते १३५ मिलिमीटरची लेन्स लागते, एपीएस-सीवर ७० ते ९०. लांबून काढल्याने तांब्याचं तोंड आणि बूड यांची प्रमाणंही सरळ राहतात.

साधा काळा किंवा करडा सदरा घाला. लाल टी-शर्टची रेघ स्टीलवर ठळक येते. दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हा. उरलेला कॅमेरा काळ्या कापडाने झाका, लेन्सपुरतं भोक ठेवून. हे कापड फक्त तिथेच उपयोगी जिथे भांड्यावर आधीच गडद छटा आहे. उजळ भागात कॅमेरा दिसत असेल तर भोक पाडलेलं पांढरं कार्ड लावा.

क्लारा पीटर्स या फ्लेमिश चित्रकर्तीने १६१२ च्या एका स्थिरचित्रात सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर स्वतःची चिमुकली प्रतिमा पुन्हा पुन्हा रंगवली आहे. तिने ती हवी म्हणून ठेवली. विक्रीच्या फोटोत ती नको असते, एवढाच फरक.

तपासणी ९: रंग

पिवळ्याधमक पितळेने चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो आणि फोटो निळा करतो. पितळ फिकट, हिरवट होतं. भांड्याच्या जागी करडं कार्ड ठेवून एक फोटो काढा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स बसवा. कार्ड नसेल तर खिडकीच्या उजेडात केल्विन ५५०० वर पक्का करून सुरुवात करा. तरीही हिरवट राहिलं तर एलईडी हलक्या प्रतीचा आहे. बल्बच्या खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेला बल्ब घ्या.

तपासणी १०: तंबू

चारी बाजूंनी पांढऱ्या कापडाचा लाइट टेंट दागिने आणि लहान मूर्तींसाठी बरा. त्याने प्रतिबिंबं जातात, पण सोबत आकारही जातो. पितळ पिवळ्या प्लॅस्टिकसारखं दिसू लागतं. म्हणून आतल्या बाजूला काळ्या पट्ट्या चिकटवा आणि दिवा एकाच बाजूने द्या. एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये भोपळी मिरचीचा आपला प्रसिद्ध फोटो पत्र्याच्या नरसाळ्यात मिरची ठेवून काढला. नरसाळ्याच्या भिंतींवरून परतलेला उजेड तिच्या तुकतुकीत सालीभोवती गुंडाळला गेला, पण सावल्या शाबूत राहिल्या. तंबू असा वापरायचा असतो.

तपासणी ११: पोलरायझर

धातूवरून परतणारा साधा उजेड फारसा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) नसतो, त्यामुळे सीपीएल, म्हणजे लेन्सवरचा हा पोलरायझर, फिरवून धातूचा चट्टा जात नाही. काच, पाणी, वार्निश, केळीचं पान, फळांची साल यांवरची चमक मात्र तो कापतो, विशेषतः पृष्ठभागाशी ३५ अंशांच्या आसपासच्या कोनातून. पूजेच्या ताटात विड्याची पानं आणि पाणी असेल, किंवा पितळेवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, थर असेल, तर उपयोग होतो. निव्वळ धातूसाठी पैसे घालू नका.

दिव्यासमोर ध्रुवक फिल्म आणि लेन्सवर सीपीएल, अशी जोडी एकमेकींना काटकोनात लावली तर धातूचीही चमक जाते. इतकी जाते की धातू मेल्यासारखा दिसतो. फिल्म थोडी फिरवून अर्धीच चमक काढायची. एकूण तीन ते चार स्टॉप उजेड जातो, म्हणजे शटर आठ ते सोळा पट लांब. फिल्म गरम दिव्याजवळ वितळते.

तपासणी १२: दोन फोटो जोडणे, शेवटी रंगसफाई

एकाच मांडणीत भांड्याचं पोट आणि नक्षी दोन्ही नीट येत नसतील तर कॅमेरा न हलवता दोन फोटो काढा: एक पोटासाठी, एक कागद दुसरीकडे सरकवून नक्षीसाठी. संगणकावर ते थर लावून जोडा. भांडं एक मिलिमीटर जरी सरकलं तरी जोड दिसतो, म्हणून भांड्याखाली चिकट लगद्याची गोळी लावा. धूळ आणि ३ मिलिमीटरचा कॅमेरा पुसणं ही रंगसफाई ठीक. अंगठ्याएवढा चट्टा रंगवून काढायला लागलात तर सहाव्या तपासणीकडे परत जा.

चमक घालवणारा मॅट स्प्रे मिळतो. खाण्या-पिण्याच्या, पूजेच्या किंवा जुन्या भांड्यांवर तो मारू नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

वारशाचं भांडं, मुलामा दिलेली मूर्ती, चांदीचं जडावकाम, बिदरी (काळ्या धातूवर चांदीची नक्षी): घासू नका. बिदरीचा काळा रंग मुद्दाम आणलेला असतो, आणि जुन्या पितळेवरची काळपट झाक हा त्या वस्तूच्या वयाचा पुरावा असतो. एकदा चिंच लावली की तो परत येत नाही. आहे त्या झाकेसकट फोटो काढा. हिरवी भुकटी सुटत असेल तर फोटो बाजूला ठेवा आणि धातूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येते.

पणतीच्या चाचणीत धूर आला, लेन्स पुसूनही राहिला, आणि लेन्समधून दिव्याकडे पाहिल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सना ती लागते. लेन्स स्वतः उघडू नका, दुरुस्तीला द्या, आणि तोवर ती बाकीच्या लेन्ससोबत ठेवू नका.

फ्लॅश पेटत नसेल, भाजल्याचा वास येत असेल किंवा आतून आवाज येत असेल तर तो उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा भार सेल काढल्यावरही राहतो. हा प्रसंग फक्त दुरुस्ती करणाऱ्याचा.

हिरे-मोती जडवलेले दागिने, किंवा सगळ्यांवर सारखीच छटा हवी असलेली चाळीस-पन्नास भांडी, हे काम वस्तूंचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकाला द्या. खड्याला कडक उजेड लागतो आणि त्याच्या कोंदणाला मऊ. दोन्ही एका फोटोत आणणं हा वेगळा सराव आहे. गोल भांड्यावर आठव्या तपासणीपर्यंत येऊन तीन तास गेले आणि चट्टा तसाच असेल तरीही हाच मार्ग.

त्यांच्याकडे जाताना दोषाचा मोबाइल फोटो, भांड्याची उंची आणि व्यास, लॅकर आहे की नाही, फोटो कुठे वापरायचा आणि पार्श्वभूमी कोणती एवढं लिहून न्या. भांडं सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई ताज्या घासलेल्या पितळेवर उतरते.